खर्डीचा फलाट आणि महालक्ष्मीचे मैदान

खर्डी हे माझे आजोळ. कल्याणहून इगतपुरीकडे निघालेली गाडी आसनगाव, आटगाव मागे टाकून सागाच्या रानात शिरते आणि कसाऱ्याचा घाट अंगावर घेण्यापूर्वी जेथे क्षणभर टेकते, ते हे स्टेशन. माझ्या लहानपणी, म्हणजे पन्नाशीच्या दशकात, तेथे दोन बाकडी, एक घंटा आणि पाण्याचे एक पिंप एवढाच संसार होता. ह्या संसारात पार्सलच्या खोलीत माझे मामा बसत. ते रेल्वेत कारकून होते. त्यांच्या टेबलाच्या खणात हिशेबाची वही, तपकिरीची डबी आणि रेसचे पुस्तक अशा तीन वस्तू कायम असत. पहिल्या दोहोंबद्दल घरात कोणाची तक्रार नव्हती.

दिवाळीच्या अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी वाचावयाच्या लेखात, रेसचा विषय काढणे म्हणजे मुंजीच्या मांडवात सावकाराची आठवण काढण्यासारखे आहे, हे मला कळते. मराठी घरात 'रेस' हा शब्द 'दारू'च्या शेजारच्या फडताळात ठेवलेला असे. मुलगा रेस खेळतो असे कानावर आले की मुलीचा बाप पत्रिका परत मागून घेई. परंतु त्याच घरातले आजोबा बैलांच्या शर्यतीची गोष्ट सांगू लागले की सारी मंडळी पाट ओढून पुढे सरकत. आमच्या घरात तर हे दोन्ही नाद एकाच छपराखाली नांदत होते. आजोबांचा छकडा आणि मामांचा घोडा! बाप आणि मुलगा एकमेकांच्या नादाला नावे ठेवीत, आणि दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार आजी व मामी ह्यांनी आपल्याकडे राखून ठेवला होता.

बैल आधी की घोडा आधी हा वाद आजोबा आणि मामा ह्यांच्यात पुष्कळदा होई. त्यांना ठाऊक नव्हते, पण ह्या वादाला वेदांपर्यंतचा पुरावा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मुद्गल ऋषी आणि त्याची पत्नी मुद्गलानी ह्यांचे एक सूक्त आहे. बाई स्वतः रथ हाकते, रथाला एका बाजूस बैल आणि जोडीला म्हणे लाकडी सोटा. आणि अशा ह्या अजब जोडीने ती शर्यत जिंकून गायींची कमाई घरी आणते. त्याच मंडलात फाशांच्या नादाने घरदार गमावून बसलेल्या जुगाऱ्याचेही सूक्त आहे. म्हणजे शर्यत आणि तिच्या मागून येणारा पश्चात्ताप हे दोन्ही आपल्याकडे पहिल्यापासून एकाच पोथीत बांधलेले आहेत. वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत असे. मात्र तीत यजमानाचाच रथ पहिला यावयाचा, हे विधीनेच ठरलेले. मामांना मी हे पुढे मोठेपणी सांगितले तेव्हा ते तपकीर ओढून म्हणाले, "म्हणजे फिक्स रेस तेव्हापासूनच आहे तर!"

असो. घोडा आमच्या ह्या मुलखाला नवा नव्हता. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता शहापूर, खर्डीवरून थळघाट चढून नाशकाकडे जातो. रेल्वे होण्यापूर्वी ह्या वाटेने डाक जाई, फौजा जात, बंजाऱ्यांचे मिठाने लादलेले बैलांचे तांडे जात. देशावर घोडा ही माणसाची इभ्रत होती. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आणि शिलेदाराचा घोडा मेला की त्याची पायरी उतरे. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडीची तट्टे बुटकी, काटक, मूठभर चाऱ्यावर मैलच्या मैल तोडणारी. मराठी फौजांची घोडदौड ह्याच तट्टांच्या पाठीवर झाली. त्यांना चैनीची ओढ नव्हती आणि ती कोणाच्या करमणुकीसाठी पळत नव्हती.

करमणुकीचा घोडा मुंबईत समुद्रावाटे आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकारी आणि व्यापारी ह्यांनी भायखळ्याच्या पटांगणावर शर्यती सुरू केल्या. त्या काळी पळत ते बहुतेक अरबी घोडे. बसरा आणि इराणी आखातातील बंदरांतून ते जहाजांनी मुंबईस उतरत आणि भेंडीबाजार, भायखळा ह्या भागांत अरब सौदागरांचे तबेले असत. कॉफी पीत बसलेले अरब, त्यांच्या पाठीमागे खरारा होत असलेले घोडे आणि समोर दात तपासणारा गोरा लष्करी गिऱ्हाईक, हे त्या वस्तीचे नेहमीचे चित्र होते. इराणातून येऊन मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान हे ह्या शर्यतींचे मोठे षौकी. त्यांचे नातू तिसरे आगाखान ह्यांनी तर पुढे इंग्लंडात जाऊन एप्सम येथील डर्बी पाच वेळा जिंकली : १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२ साली. मुंबईच्या तबेल्यांतून निघालेला हा नाद साहेबाच्या अंगणात असा वाढला.

मौज अशी की, ज्याला साहेब 'थरोब्रेड' म्हणतो आणि ज्याच्या वंशावळी आपल्या कुळकर्ण्यांच्या दप्तरापेक्षा काटेकोरपणे लिहून ठेवतो, त्या साऱ्या जातीचे पितृघराणे इंग्लंडात नेलेल्या अवघ्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपाशी जाऊन पोचते. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे ते तिघे. मामांना ही तीन नावे ब्रह्मा-विष्णु-महेशासारखी पाठ होती. शाळेत मला पेशव्यांची वंशावळ येत नसे म्हणून ते रागावत, आणि रागाच्या भरात घोड्यांची म्हणून दाखवीत.

रेल्वेचा उल्लेख केला नाही तर मामांचा आत्मा स्वस्थ बसणार नाही. बोरीबंदर ते ठाणे १८५३, ठाणे ते कल्याण १८५४, कल्याण ते वासिंद १८५५. तेथून पुढे रखडत रखडत १८६१ साली कसाऱ्यापर्यंत रूळ पडले आणि १८६५ च्या पहिल्या दिवशी थळघाट फोडून गाडी इगतपुरीस गेली. ही रेल्वे घडवून आणण्यात ज्यांनी पुढाकार घेतला ते नाना शंकरशेट जन्मले मुरबाडला, १८०३ साली; म्हणजे खर्डीच्या शेजारच्याच तालुक्यात. मुरबाडला मात्र रेल्वे गेली नाही, ती आमच्या खर्डीवरून गेली. ह्याचे वैषम्य मुरबाडकर पाहुण्यांना वाटे आणि मामा ते वाटू देत.

रेल्वेने वाहतुकीच्या घोड्याची भाकरी हळूहळू काढून घेतली. मुंबई शहरात तो आणखी काही वर्षे टिकला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते, आणि उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यांवर टोप्या घालीत असे वर्णन आहे. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. मग राहिल्या व्हिक्टोरिया. त्यांनाही २०१५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने निरोप दिला. थोडक्यात, काम करणारा घोडा गेला आणि शर्यतीत पळणारा तेवढा राहिला. ह्यात घोड्याची बढती झाली की बडतर्फी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

भायखळा दाटीवाटीचे होऊ लागले तेव्हा शर्यती महालक्ष्मीच्या सखल, दलदलीच्या जमिनीवर गेल्या. साल १८८३. वरळीची खाडी बांध घालून अडविल्यावर जी जमीन वर आली तीतलाच हा पट्टा. सुमारे सव्वादोनशे एकरांचे ते मैदान आणि त्याच्या कडेची लांबलचक प्रेक्षागृहे आजही उभी आहेत. मोसमाची वाटणी जुनीच : हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी मुंबई, पावसाळ्यात पुणे. घोडेही देशस्थ बडव्यांसारखे चातुर्मास पाळतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन आरंभी फक्त शनिवार-रविवारीच धावे आणि तिच्यातून पुण्याच्या रेसला जाणारे मुंबईचे शेठ लोक प्रवास करीत. आज तिच्यातून डबा घेऊन उतरणाऱ्या नोकरदारांना हे सांगितले तर पटणार नाही. पहिली इंडियन डर्बी महालक्ष्मीला १९४३ साली झाली आणि ती 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ह्या घोडीने जिंकली. मामा त्या वेळी विशीच्या आत-बाहेर होते. नोकरी नुकतीच लागलेली, रेल्वेचा पास खिशात. दादरला उतरून पूल ओलांडावयाचा, पलीकडची गाडी धरावयाची आणि महालक्ष्मीला उतरावयाचे. शंभर किलोमीटरांचा प्रवास फुकट झाल्यावर माणसाला वाटते, आता उरलेले पैसे खर्च करण्यास हरकत नाही.

रेस म्हणजे नुसता जुगार अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठी मामांचे एक व्याख्यान येथे थोडक्यात देतो. पळणाऱ्या सर्व घोड्यांच्या पाठीवर सारखे ओझे नसते. हँडिकॅपच्या शर्यतीत ज्याची मागची कामगिरी चांगली त्याच्या खोगिराखाली जास्त वजन. जॉकी हलका असेल तर शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरतात. हे ठरविणारा अधिकारी मनातल्या मनात असे चित्र रंगवीत असतो की, सर्व घोडे एकाच क्षणी खांबाशी पोचले आहेत. आणि रेसचा षौकी त्या चित्रात चूक शोधीत असतो. "त्याचे चुकले कुठे, तेवढे शोधायचे," मामा म्हणत. घोडा मागे कोणत्या अंतरावर पळाला, जमीन ओली होती की कोरडी, जॉकी कोण, महिनाभर विश्रांती मिळाली की नाही, बाप कोण, आईचा बाप कोण. हे सारे त्या पुस्तकात बारीक टायपात असे. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन ह्यांच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. मामा तो ऐकावयास नव्हते. असते तर निकालाची प्रत त्यांनी देव्हाऱ्याशेजारी टांगली असती.

पण व्याख्यानाचा दुसरा भाग ते मामींसमोर देत नसत, तो मीच सांगतो. टोटवर सगळ्यांनी लावलेले पैसे एका डबक्यात जमा होतात. त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा आधी काढून घेतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे मैदानावर जमलेले षौकी सगळे मिळून घरी परत जाताना आलेल्यापेक्षा गरीबच होऊन जातात. कोण किती, एवढाच प्रश्न. कौशल्य असते ते शेजाऱ्याच्या खिशातले आपल्या खिशात आणण्याचे. आणि तुमचा शेजारी जर घोड्याच्या मालकाचा मित्र असेल, तर खर्डीच्या पार्सल खोलीत बसून केलेला अभ्यास त्याच्यापुढे कितीसा टिकणार?

मैदानावर मराठी माणूस मालकांच्या दालनात क्वचित दिसे. पण घोड्याच्या पाठीवर आणि घोड्याच्या लगामाशी तोच होता. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही जॉकींची नावे फळ्यावर लागली की दोन रुपयांच्या स्टँडमध्ये आपल्या गावचा पाहुणा आल्यासारखी कुजबुज होई. महाराजे, शेठ, नबाब ह्यांच्या रंगीत रेशमी सदऱ्यांच्या आत आपला कोणी खाडे किंवा चव्हाण बसलेला आहे, ह्यात मामांना जी धन्यता वाटे तिची किंमत कोणत्याही टोटने चुकती केली नसती. मोतद्दार, म्हणजे पहाटे चारला उठून घोडा चोळणारी माणसे, ह्यांची नावे मात्र फळ्यावर कधी लागत नसत.

आता ती गोष्ट. १९५५ च्या हिवाळ्यात मामा ओळीने पाच-सहा रविवार हरले. मग हरलेले परत आणण्यासाठी त्यांनी मामींच्या पाटल्यांची जोडी कल्याणला गहाण टाकली आणि पुढच्या रविवारी तेही घालविले. मामींना कळले ते संक्रांतीला, वाणाला निघताना डबा उघडला तेव्हा. त्या ओरडल्या नाहीत. हळदीकुंकवाला त्या काचेच्या बांगड्या घालून गेल्या आणि कोणी विचारले तर "पाटल्या उजळायला दिल्यात" म्हणून सांगितले. हे आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. आजोबांनी मुलाशी दोन महिने बोलणे टाकले. पण त्यांनी त्याच उन्हाळ्यात एक बैल विकला आणि एक पाटली सोडवून आणली. दुसरी आली नाही.

त्यानंतर मामांनी पैसे लावले नाहीत. पण नाद सुटला नाही. आणि येथे माझ्या ह्या इतिहासाचा खरा कागदपत्र पुढे येतो. त्यांनी एक लांबट वही केली. दर शनिवारी रात्री उद्याच्या शर्यतींचा अभ्यास करून तीत लिहावयाचे : अमुक घोडा, विनवर दोन रुपये, प्लेसवर एक. सोमवारी वर्तमानपत्र आले की तांबड्या शाईने निकाल. पैसे खोटे, घोडे खरे. वर्षभराचा हिशेब लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होई. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांची पूजा होते त्या मुहूर्ताला मामी ही वही पाटावर मांडीत, हळदकुंकू वाहत आणि मग मामांना शेवटचा आकडा मोठ्याने वाचावयास लावीत. "यंदा किती घालवलेत?" "एकशे त्रेसष्ट रुपये." "म्हणजे एवढे वाचले," असे म्हणून त्या अनारसे वाढीत. एका वर्षी मामा सत्तर रुपये जिंकले होते. तो आकडा वाचताना त्यांचा चेहरा फार केविलवाणा झाला होता. आणि मामी त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत.

आजोबांच्या नादाकडे वळतो. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा हा बाजार ठाणे जिल्ह्यात सर्वांत नावाजलेला. घोंगड्या, घुंगरमाळा, गुळाच्या जिलब्या आणि नजर पोचेल तेथवर जनावरेच जनावरे. आजोबा खर्डीहून वाटेत मुक्काम करीत बैलगाडीने जात. मी दोनदा त्यांच्या मांडीशी बसून गेलो आहे. आमच्या भागातले बैल डांगी. पांढऱ्यावर काळे बांडे, अंगाला तेलकटपणा, त्यामुळे घाटमाथ्याचा धो धो पाऊस पाठीवरून ओघळून जातो. खूर काळे नि टणक. भातशेतीच्या चिखलात ह्यांच्यासारखा गडी नाही. पण धाव? धाव खिल्लारीची. सातारा, सांगली, सोलापूरकडचा तो उंच, पांढरा, तलवारीसारख्या शिंगांचा बैल बाजारात उभा राहिला की आजोबांचे पाय जमिनीत रुतत. चिखल डांग्याने करावयाचा आणि स्वप्न खिल्लाऱ्याचे पाहावयाचे, अशी त्यांची वाटणी होती.

शर्यतीचा छकडा म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा. दोन हलकी चाके, एक दांडी, आणि जेमतेम एक माणूस अंग चोरून बसेल एवढी जागा. पश्चिमेकडे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ह्या देशांत घोड्याला अशाच दोनचाकी गाडीला जुंपून पळवितात. त्या गाडीला सल्की म्हणतात. आमच्या छकड्याची ती गोरी बहीणच. तेथे एक गंमत आहे : घोड्याने दुडक्या चालीनेच पळावयाचे. भान सुटून तो चौखूर उधळला तर हाकणाऱ्याने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणले पाहिजे. त्या घोड्यांच्या जातीचे 'स्टँडर्डब्रेड' हे नावही मैलाला ठरवून दिलेल्या प्रमाण वेळेवरून पडले. आजोबांना मी हे सांगितले असते तर त्यांनी विचारले असते, "पळायला सोडायचे आणि पळू द्यायचे नाही, ही कसली तऱ्हा?"

आपल्याकडे शर्यतीच्या तऱ्हा मुलखागणिक निराळ्या. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे 'घाट' असतो. चढावर चार बैलांचा गाडा सुटतो, गाड्यावर माणूस नसतो, पुढे एक घोडी धावते आणि सगळा निकाल घड्याळातल्या सेकंदांवर. सातारा-सांगलीकडे मैदानात अनेक छकडे एकदम सुटतात. अलिबागकडे ओहोटीच्या ओल्या वाळूवर बैलगाड्या आणि घोडागाड्या पळतात. आमच्या ठाणे-रायगडच्या बाजूला आवड बिनजोडीची : दोन जोड्या, एकास एक, आधी ठरवून. हिच्यात चूक शोधणारा हँडिकॅपर नाही, बारीक टायपाचे पुस्तक नाही. बैलाची आई कोण हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक असते.

ह्या शर्यतींची काळी बाजू आजोबांनी माझ्यापासून लपविली नाही. काठीला खिळा लावून टोचणे, शेपटी पिरगळणे, चावणे; हे त्यांनी पाहिले होते आणि एकदा अशा माणसाच्या कानफटात लगावल्याचे ते अभिमानाने सांगत. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. बैलाचा देह ओझे ओढण्यासाठी आहे, घोड्यासारखा पळण्यासाठी नाही, हा त्या निकालातला एक विचार. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तीही अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता परवानगी काढावी लागते, जनावराची तपासणी व्हावी लागते, काठी-चाबकास बंदी आहे. ती सर्वत्र पाळली जाते असे मैदानावर गेलेला प्रामाणिक माणूस म्हणणार नाही.

ह्या सात-आठ वर्षांत गावोगावी एक प्रश्न मी ऐकला : शेठजींचा घोडा पळाला तर चालते, कुणब्याचा बैल पळाला तर का नाही? प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तर विचारणाऱ्यांना वाटते तितके सरळ नाही. घोड्यांच्या शर्यतीला मुंबई इलाख्यात १९१२ पासून परवान्याचा स्वतंत्र कायदा आहे. १८८७ च्या जुगारबंदीतूनही तिला सवलत मिळत गेली. बैलाला असा कोणी वकील कधी मिळाला नाही, ह्यात अन्याय आहेच. परंतु घोड्याला कायदा मिळाला म्हणून त्याला सुख मिळाले असे नाही. चाबूक त्याच्याही पाठीवर पडतो. मामांनी एकदा शेवटच्या वळणावर एका घोड्याचा पाय मोडलेला पाहिला. लोकांना दिसू नये म्हणून पडदा धरतात, आणि पडद्यामागे काय होते ते सगळ्यांना कळते. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. माझे मत विचाराल तर, शर्यत बैलाची असो की घोड्याची, तिचा निवाडा जनावराच्या जातीवरून किंवा मालकाच्या ऐपतीवरून न करता शर्यत संपल्यावर त्या जनावराचे काय होते ह्यावरून करावा. आजोबांचा शर्यतीतला बैल म्हातारा होऊन आमच्याच गोठ्यात मेला, आणि त्याला बांधावर पुरले. सगळ्यांचे असे होत नाही. कित्येक जोड्या हरल्या की तिसऱ्या दिवशी बाजारात असतात.

घोड्याच्या उत्तरायुष्याची एक हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीचे घोडे निपजविण्याचा व्यवसाय. शर्यतीस निरुपयोगी झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, कारण धनुर्वात आणि सर्पदंश ह्यांवरची लस-औषधे घोड्याच्या रक्तातील द्रवापासून करीत. घोडे आपले, मग औषधही आपणच का करू नये, ह्या विचारातून १९६६ साली सायरस पूनावाला ह्यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. करोनाच्या साथीत आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात जी सुई गेली ती ह्याच कारखान्यातली. रेसने आमच्या घरातली एक पाटली नेली. दंडात काय परत दिले त्याचा जमाखर्च मामींनी कसा मांडला असता कोण जाणे. आणि खर्डीच्या रानात, जेथे फुरशाने आणि मण्यारीने दरवर्षी माणसे जातात, तेथे त्या घोड्यांच्या रक्ताचे उपकार निराळे सांगावयास नकोत.

महालक्ष्मीचे मैदान आता पूर्वीचे राहिलेले नाही. क्लबचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. बरीच वर्षे घोळ चालला. आणि २०२४ साली वाटणी झाली. १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे शर्यतीसाठी. इकडे कल्याण, बदलापूर, मुरबाडकडच्या माळांवर बिनजोडीला हजारोंनी लोक जमतात आणि बैलांच्या किमती ऐकून आजोबांनी कानांवर हात ठेवले असते. मामांची वही माझ्याकडे आहे. शेवटची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत.

त्या वहीत एका पानावर एकच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे : स्क्वाँडरर. सत्तरीच्या दशकातला हा घोडा एकोणीस वेळा पळाला आणि अठरा वेळा जिंकला. मामींनी नावाचा अर्थ विचारला. मामा म्हणाले, "उधळ्या." मामी म्हणाल्या, "मग तुमच्याच गोत्रातला दिसतो." त्याची डर्बी ज्या रविवारी होती त्या दिवशी सकाळी मामींनी डाळीच्या डब्यातून पाच रुपयांची नोट काढली आणि मामांच्या हातावर ठेवली. "वीस वर्षं कागदावर खेळलात. जा, आज खरे लावा." मी त्या वेळी तेथेच होतो, सुट्टीवर आलो होतो. मामा बराच वेळ नोटेकडे पाहत राहिले. मग कोट घातला आणि सकाळच्या गाडीने गेले.

रात्री शेवटच्या गाडीने ते परत आले. घोडा जिंकल्याचे आम्हांला रेडिओवर कळले होते. मामी दारातच उभ्या होत्या. मामांनी पायांवर पाणी घेतले, आत आले आणि तीच पाचाची नोट, तशीच घडी घातलेली, मामींच्या हातात परत दिली.

"अहो, लावले नाहीत?"

"राहून गेले," मामा म्हणाले. "तो फिरवायला आणला तेव्हा कठड्याशी उभा होतो. बघतच राहिलो. खिडकी बंद झाल्याची घंटा ऐकली तेव्हा ध्यानात आले."

मामींनी नोट डाळीच्या डब्यात ठेवली आणि पानं वाढायला घेतली.